धुमपेटी

नाना बोरुडे गुरुवारी गेले. दुपारी तिरडी बांधली. गाठी मारून झाल्यावर मी पुढे झालो, बांबू धरला आणि हलवला. तिरडी हलली नाही. मग आम्ही उचलली.

हे काय, असं मला कोणी विचारलं नाही. ते काम करायलाच हवं होतं, आणि ज्याचं ते होतं तो तिरडीवर होता.

नाना भेटले की नमस्कार नंतर. आधी हाताशी असेल ती वस्तू धरून हलवायची. फाटक, खुर्ची, सायकलचं हँडल, मांडवाचा खांब. "हलतंय," म्हणायचं, आणि समोरच्याकडे अशा नजरेनं बघायचं की त्याला आपल्या चारित्र्याबद्दल शंका यावी. माझ्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा मुलगा बघायला मी नानांना बरोबर नेलं. मुलगा वाकून पाया पडला. उठताना नानांनी त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवलं. मुलाचे वडील हातातल्या बशीतला चहा सावरत बघत राहिले.

"न्हाई हलत," नाना मला म्हणाले. "द्या पोरगी."

दिली. मेहुणे अजून हललेले नाहीत.

भिंगारच्या लष्करी डेपोत नानांनी तीस वर्षं एकच काम केलं: ट्रकमधला माल बांधणं. "लढाई गाठीवर चालती, मास्तर," ते म्हणत. "खोकं घसरलं का संपलं." मी शाळेत इतिहास शिकवतो. लढायांची कारणं मुलांकडून पाठ करून घेताना हे वाक्य आठवून मला अनेकदा थांबावं लागलं आहे.

त्यांच्या पत्नी सरूकाकू. काकूंना ऐकू येत नव्हतं. तिशीत कसलासा ताप आला आणि कान घेऊन गेला. माहेर पुणतांब्याचं, गोदावरीच्या काठचं. वडील भजनात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, त्याशिवाय खर्ज निघत नाही. लहानपणी ती कणीक मळून द्यायचं काम सरूचं असे. कान गेल्यावर काकूंनी माहेरी जाणं सोडलं. "समद्यांची नुसती तोंडं हलत्यात," त्या म्हणत, आपलाच आवाज ऐकू येत नसल्यानं जरा मोठ्यानं. "मी तितं काय करू बसून?"

एकाहत्तरचं युद्ध संपलं, नाना निवृत्त झाले, आणि त्यांनी लिलावातून एक काळी मोटार आणली. तिची डिकी एवढी मोठी, की गल्लीतल्या दोन बिऱ्हाडांनी भाड्यानं मिळेल का विचारलं. त्याच महिन्यात एक तंबूतला सिनेमा बंद पडला. त्याच्या पडद्यामागचा परातीएवढा स्पीकर नानांनी उचलला, माल भरायच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या जोडून ट्रंकेएवढी पेटी केली आणि तिच्यात तो बसवला. त्या पेटीतून गाणं येत नसे. शब्द नाहीत, सूर नाहीत, नुसतं धुम, धुम. गल्लीनं तिचं नाव धुमपेटी ठेवलं.

शेजारचे इस्माईलभाई लग्नकार्यात कर्णे भाड्यानं द्यायचे. रेडिओचा आवाज वाढवून स्पीकरला देणारं, बॅटरीवर चालणारं मशीन त्यांनीच नानांना दिलं होतं, आणि दिल्याचा त्यांना पश्चात्ताप होत होता. "नाना, गाणं कुठाय यात?" ते म्हणाले. "हे तर पोट बिघडल्यासारखं वाजतंय."

"वाजू द्या. हलली न्हाई पायजे."

पेटी डिकीत बसवायची, पण हलता कामा नये. आणि संध्याकाळी काढून घरात आणता आली पाहिजे. दोन्ही कशाला, ते नानांनी सांगितलं नाही.

आधी त्यांनी दोरानं बांधली. पहिल्याच खड्ड्याला पेटी मागे गेली, डिकीचं झाकण उघडलं, आणि नाना ते झाकण फडफडवत अख्ख्या बाजारातून घरी आले. मग बोल्ट मारले. हलेना, पण काढायला अर्धा तास. "ही गाडीची झाली," नाना म्हणाले, "घरची ऱ्हायली न्हाई." बोल्ट निघाले. मग मी सुचवलं, आजूबाजूला गोधड्या कोंबा. कोंबल्या. आवाजाला सर्दी झाली. मी विज्ञानाचं पुस्तक आणून दाखवलं, की पेटी आणि गाडी यांच्यामध्ये रबर घातलं तर हादरे बसणार नाहीत.

"हादरे कुनाला नको हायेत?" नानांनी विचारलं.

मी पुस्तक मिटलं.

तेवढ्यात पुणतांब्याहून काकूंच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका आली. काकूंनी ती देवापुढे ठेवली आणि नेहमीसारखं नाही म्हटलं. त्या संध्याकाळी नाना त्यांच्यापुढे बसले आणि खुणांनी, ओठांनी, शेवटी माझ्याकडून पाटीवर लिहून घेऊन त्यांनी पैज लावली. मोटारीनं जायचं. वाटेत पेटी बोटभर जरी हलली, तर तिथूनच माघारी फिरायचं, आणि पुन्हा जन्मात माहेराचं नाव काढायचं नाही. काकूंनी पाटी दोनदा वाचली. "गाडीला वाट कशी हाय त्ये मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "चला. राहुरीतनं परत येऊ."

लग्नाला आठ दिवस होते. नाना जेवेनात. येता-जाता पेटी हलवत आणि पेटी हलत असे.

इस्माईलभाईंना राहवलं नाही. "नाना, ही पेटी नाही, म्हैस आहे. अशी ऐकायची नाही. जुंपा तिला."

सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी इस्माईलभाईंचा खांदा धरला, सवयीनं एकदा हलवला आणि ते सरळ बाजारातल्या सुताराकडे चालू लागले.

बैल रोज जुंपतात, रोज सोडतात. जुवाच्या भोकात शिवळ नावाची दांडी घालायची, तिला जुपणीचा पट्टा अडकवायचा. दिवसभर बैल ओढतो, शिवळ निसटत नाही. संध्याकाळी पट्टा काढला की बैल मोकळा. नानांनी मागच्या सीटच्या पाठीचा पुठ्ठा काढला, आतल्या लोखंडाला बाभळीचं जू बसवलं, पेटी त्याला भिडवली, आणि चार शिवळा घालून चामडी जुपण्या आवळल्या. मध्ये गोधडी नाही, रबर नाही. लाकडाला लाकूड. मग दोन्ही हातांनी पेटी धरून त्यांनी हलवली. पेटीऐवजी मोटार हलली.

"मास्तर," नाना म्हणाले, "खडू."

मी पेटीच्या कडेनं डिकीत खडूची रेघ ओढली.

आम्ही उजाडता निघालो. नाना चालवत होते, मी शेजारी, काकू मागे. त्यांना नानांनी सीटच्या बरोबर मधोमध बसवलं होतं आणि टेकून बसायला लावलं होतं. विळदचा घाट उतरल्यावर नानांनी रेडिओ लावला. भजन चाललं होतं. मागून धुम, धुम येऊ लागलं. राहुरीच्या अलीकडे उसाच्या गाड्यांनी रस्ता पार खणून ठेवला होता. एका खड्ड्यात माझं डोकं टपाला आपटलं. मी मागे वळलो. आता पेटी सुटली असणार.

काकू डोळे मिटून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर होता. तो पडत होता, उठत होता, आणि नेमका समेवर पडत होता.

"हलतीय का?" मी नानांना विचारलं. माझ्या तोंडून पेटीचंच आलं.

नाना आरशात बघत होते. "पेटी न्हाई हलत," ते म्हणाले. "ती हलतीया."

थोड्या वेळानं मागून काकूंचा आवाज आला, मोठा, तक्रारीचा. "कुनाचा पखवाज हाय ह्यो? कनिक कमी लावलीया."

नानांनी गाडी कडेला घेतली. उतरले, डिकी उघडली, उगाच जुपण्या चाचपल्या आणि बराच वेळ डिकीत डोकं घालून उभे राहिले. रबर का नको, पेटी सीटलाच का भिडवायची, आणि संध्याकाळी घरात का आणायची, हे मला, एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाला, तेव्हा कळलं.

पुणतांब्यात लग्नघराच्या दारात डिकी उघडली तेव्हा अर्धं गाव भोवती होतं. खडूची रेघ पेटीच्या कडेला जशीच्या तशी होती. मी वाकून बघितलं आणि शाळा-तपासनीसाच्या आवाजात सांगितलं, "हललेली नाही." नानांनी चार शिवळा उपसल्या. काकूंचा भाऊ पाणी घेऊन येईपर्यंत पेटी अंगणातल्या बाजेखाली गेली होती. तिथे बायकांची झुंबड उडाली. प्रत्येकीला एकदा त्या बाजेवर बसून धुम घ्यायचा होता. मधोमध काकू. कोणी काही, कोणी काही विचारत होत्या, काकूंना शब्द कळत नव्हते, तरी त्या हसत होत्या आणि हातानं ताल देत होत्या. त्या चार दिवस माहेरी राहिल्या. नाना मांडवाचे खांब हलवत हिंडले. परत आल्यावर इस्माईलभाईंना म्हणाले, "म्हस जुंपली."

त्यानंतर दर वर्षी पुणतांबा झालं. पेटी सकाळी डिकीत, संध्याकाळी काकूंच्या बाजेखाली.

नाना गेल्यावर तेरा दिवस त्या घरात रेडिओ लागला नाही. चौदाव्या दिवशी सकाळी मी गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पेटीच्या तारा रेडिओला जोडल्या, बटण फिरवलं. काकूंना जमिनीतून कळलं असावं. त्या उठल्या. बाजेचा पाय धरला, हलवून बघितला. मग बाजेवर बसल्या.

मोटार आता विकली आहे. शिवळा माझ्या कपाटात पुस्तकांशेजारी आहेत. पेटी बाजेखाली आहे.