पथारीवरची शिंक

फकीरचंदशेठच्या मिरचीच्या पथारीवर शिंक धरत नसत. बाकी सगळ्या नंदुरबारात धरत. कुणी प्रवासाला निघालं आणि शेजारी शिंकला, तर निघालेला माणूस पुन्हा घरात जाऊन पाणी पिऊन बसे. पण पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं उघडं आवार. तिथं देठ खुडणाऱ्या बाया दिवसभर शिंकत. तिथं शिंक धरली असती, तर शेठचा धंदा सुरूच झाला नसता. म्हणून कुणीतरी जुन्या काळी ठरवून टाकलं होतं की फाटकाच्या आत झालेली शिंक ही शिंकच नाही.

या पथारीवर दोधू नवा मुकादम झाला होता, तोही हंगामी. जुना मुकादम उखा गुडघ्यांच्या दुखण्यानं घरी बसला होता. उखाचं काम एकाच गोष्टीवर चाले, ओरडण्यावर. दोधूला ओरडता येत नसे. त्याची आई याच पथारीवर देठ खुडत असे, आणि त्याला मिरचीच्या पाट्यांमागे निजवून याच बायांनी वाढवलं होतं. ज्यांनी आपली नाकं पुसली, त्यांच्यावर ओरडायचं कसं?

त्यातून मागच्या महिन्यात तो धुळ्याला एक सभा ऐकून आला होता. खादीची टोपी घातलेल्या वक्त्यानं सांगितलं होतं, "खरा पुढारी हुकूम देत नाही, विचारतो. चार डोकी एकत्र आली की नवी वाट सापडते." दोधूला हे फारच पटलं. ओरडायची गरज नसलेलं पुढारीपण त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

शेठ सुरतेला निघताना बजावून गेले, "मी येवालोंग माल लालना लाल ऱ्हायना, तर तू कायम. काया पडना, तर उखाना पुतण्या येस तुन्ही जागावर."

आणि ज्या दिवशी शेठ संध्याकाळच्या गाडीनं परतणार, त्याच दुपारी थंडीच्या दिवसात आभाळ भरून आलं.

मिरची अर्धी वाळलेली होती. भिजली तर काळी पडणार. ढीग करून झाकली तर आतल्या आत गरम होऊन तरीही काळी पडणार. गोदाम आधीच्या मालानं भरलेलं. उखा असता तर त्यानं आभाळावरही ओरडून पाहिलं असतं. दोधूनं मात्र सगळ्यांना हाक मारली.

"मंडळी, सभा भराई देऊत! आते काय करानं, तुम्हीच सांगा."

"आठे?" बायांमधली सर्वांत वडील सुगंधाबाई पदरानं नाक दाबत म्हणाली. "आठे बोलता येस का भाऊ कोनले?"

ते खरंच होतं. वारा सुटला होता आणि मिरचीची धूळ नाकातोंडात जात होती. म्हणून दोधूनं सभा फाटकाबाहेर निंबाखाली नेली. चूक झाली ती इथं, आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही.

पहिली बोलली भिकुबाई. "मी सांगस. आपापला घर लई जाऊत. वट्टावर, घरमा, जठे जागा शे तठे पसारी देऊत."

सगळ्यांचे चेहरे उजळले. दोधूचा ऊर तर भरूनच आला. सापडली नवी वाट! तो "चाला मंग" म्हणणार, इतक्यात मागच्या रांगेतली एकजण शिंकली.

"शिंक झायी," सुगंधाबाई म्हणाली.

"माय, पथारीवर शिंक कोन धरस?" दोधू म्हणाला.

"पथारीमा नही धरतस. आपन बाहेर शेतस. आठे धरनीच पडी."

भिकुबाईची युक्ती बाद झाली. तिचा नवरा दगा गाडीवान होता. तो म्हणाला, "मंग गाड्या भरी लेऊत, स्टेशनवर नेऊत..." पुढचं वाक्य त्याच्याच शिंकेत गेलं. तिसरी युक्ती दोधूनं स्वतः मांडली आणि स्वतःच शिंकून बाद केली. सगळ्यांच्या लुगड्यांत, धोतरांत मिरचीची धूळ भरलेली होती. पदर झटकला की शिंक आणि शिंक आली की सभा तहकूब. पश्चिमेकडून गडगडलं.

दोधूला रडू यायचंच बाकी राहिलं होतं. मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मंडळी, उठा! सभा मजार!"

सगळे धावत आत गेले. आत शिंकांना मोकळीक होती, पण बोलायला कुणाचा घसा मोकळा नव्हता. दोधूनं मत विचारायला तोंड उघडलं आणि त्यातून नुसता खोकला आला. त्यानं मत विचारायचं सोडलं. पाटी भरली, भिकुबाईच्या डोक्यावर ठेवली आणि बायांच्या घरांच्या गल्लीकडे हात केला. सुगंधाबाईनं दुसरी पाटी उचलली. मग सगळ्यांनीच उचलल्या. सभेत एक अक्षर न बोलता ठराव पास झाला.

शेठ गाडीतून उतरून पथारीवर आले तेव्हा पावसाची सर येऊन गेली होती आणि पथारी झाडून घेतल्यासारखी मोकळी होती. शेठ मटकन खाली बसले.

"दोधू, मन्ही मिरची कोठे गई?"

"शे, शेठ. समदासना घरमा शे."

"घरमा?"

तेवढ्यात दगा डोळे पुसत पुढे आला. "शेठ, मन्हा घरमा तुमनी मिरची शे नि मी रस्तावर शे!"

खरोखरच सगळी गल्ली रस्त्यावर होती. पुरुष, पोरं, म्हातारी माणसं, सगळे दाराबाहेर उभं राहून शिंकत होते. घराघरांत मात्र मिरची ऐटीत पसरली होती, कोरडी आणि लालभडक. शेठनी एका घरात शिरून एक उचलून मोडून पाहिली. त्यांचा चेहरा सैल झाला.

आभाळ निवळलं, वाऱ्यानं जमीन सुकली, तशा बाया पाट्या भरून परत आणू लागल्या. फाटकाबाहेर निंबाखाली शेठ उभे राहिले आणि त्यांनी दोधूच्या खांद्यावर हात ठेवला.

"समदासनी आयकी ल्या. आते दोधू आपला कायमना..."

दोधूला शिंक आली. त्यानं ती परतवायचा जिवापाड प्रयत्न केला, त्यामुळे ती दुप्पट मोठी आली.

शेठनी हात काढून घेतला. माणूस चांगला होता, पण शकुनाला पक्का होता. "ऱ्हाऊ दे," ते ओशाळून म्हणाले. "शिंक झायी. पुढे देखसूत."

दोधूनं मान खाली घातली. नियम सगळ्यांना ठाऊक होता.

सुगंधाबाईच्या डोक्यावर पाटी होती. ती सावकाश पुढे आली आणि तिनं अख्खी पाटी शेठच्या पायांशी ओतली. मग हातानं मिरची सारखी पसरली, निंबाच्या बुंध्यापर्यंत.

"जठे मिरची, तठे पथारी," ती कंबर धरून उठत म्हणाली. "आठे शिंक धरतस नही. म्हना शेठ, काय म्हनी ऱ्हायनात तुम्ही?"

शेठनी मिरचीकडे पाहिलं, सुगंधाबाईकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. पण धूळ नाकात गेली होती. ते शिंकले, पुन्हा शिंकले, आणि शिंकता शिंकताच त्यांनी दोधूच्या खांद्यावर पुन्हा हात ठेवला.