नाथाजीची खूण

सांगलीला गॅसची टाकी भरायला दिली की ती बदलून येणार, याबद्दल नाथाजीला तिळमात्र शंका नव्हती. लढाईच्या काळात तो फौजेच्या कोठारावर होता, आणि तिथे पायातले बूटसुद्धा बदलले जात. आष्ट्यातल्या त्याच्या सोडावॉटरच्या दुकानात टाकी ही एकच किमती वस्तू. म्हणून निघण्यापूर्वी त्याने कानस घेतली आणि टाकीच्या पोटावर नख रुतेल अशी खाच पाडली.

"आता बदला म्हनावं!"

"आवं, उद्या कुस्त्यांचं मैदान हाय," त्याची बायको मनुबाई म्हणाली. "दुकानात सोडा नसंल तर वर्साची कमाई बुडंल. भांडत बसू नगा."

सांगलीच्या दुकानात मालक लालासाहेबांनी टाकीवरची मागच्या तपासणीची तारीख पाहिली; ती मुदत कधीच उलटली होती. "आधी तपासणी, मग गॅस. तपासणीचं पैसं येगळं."

"आन् टाकी नापास झाली तर?"

"तरीबी."

"पास झाली तरी फी, नापास झाली तरी फी! शाळा काढलीया व्हय?"

तेवढ्यात दुकानातला ज्ञानू टाकीत पाणी ओतू लागला. नाथाजी ताडकन उठला. "ए गड्या! गॅसचं पैसं घिऊन पानी भरतुयास?"

"दाब देऊन बघाया लागतंय," लालासाहेब म्हणाले. "हवा भरली आन् टाकी फुटली, तर आपुन समदे गेलो. पानी आसलं तर नुसतं भिजतोय."

हे नाथाजीला पटले, म्हणूनच त्याचा संशय आणखी वाढला. तो टाकीला खेटून उभा राहिला. टाकी पुसता पुसता ज्ञानूचा हात थांबला.

"मालक, हितं खाच हाय. ताजी."

लालासाहेबांनी खाचेत नख घालून पाहिले. "नापास. दाब आला की हितनंच उसवंल."

नाथाजी टाकीपासून एकदम मागे सरला. "ही... ही माझी टाकी न्हवंच! बदलली तुमी!"

लालासाहेबांनी शांतपणे मागच्या खोलीचे दार उघडले. "मग तुमची कंची ती घ्या काढून."

आत भिंतीला टाक्या उभ्या होत्या. एकीलाही ओरखडा नव्हता. नाथाजीने त्यांतल्या एका चांगल्याशा टाकीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग काढून घेतला. तो संशयी होता, चोर नव्हता.

"भाइर हाय तीच माझी," तो पुटपुटला. "खाचबी माझीच."

लालासाहेब हसले नाहीत. त्यांनी तपासणीचे पैसे घेतले आणि मैदानापुरती एक भरलेली टाकी भाड्याने दिली. नाथाजी ती आष्ट्याच्या मोटारीवर बांधत होता, तेव्हा ते मागून तांबडा रंग आणि कुंचला घेऊन आले आणि टाकीच्या गळ्याभोवती ठळक पट्टा ओढू लागले.

"ह्ये काय?"

"खूण. बदलून येऊ नये म्हनून."

नाथाजी संतापला. "आवं, आष्ट्यात जाऊन इचारा कुनालाबी! मी काय टाक्या बदलनारा मानूस दिसतो व्हय? मानसाचा मानसावर इश्वासच ऱ्हायला न्हाई!"

रंग लवकर वाळावा म्हणून लालासाहेब पट्ट्यावर फुंकर घालत राहिले.