तेवीस जोड चपला

खंदारे सरांच्या तासाला जाताना मुलाच्या पायात जी चप्पल असते, तीच परत येताना असेल याची खात्री नाही. शाळेत हे सगळ्यांना माहीत आहे. जवळा बाजारातल्या पालकांनाही आता माहीत झालं आहे. नव्याने रुजू झालेले शिक्षक तेवढे पहिल्या वर्षी फसतात आणि आपल्या चांगल्या चपला प्रयोगशाळेच्या दाराशी काढून ठेवतात. सर स्वतः मात्र तपकिरी पट्ट्याच्या स्लिपरा पायातून काढत नाहीत.

सर दहावीला विज्ञान शिकवतात. अर्धसूत्री विभाजनाचा धडा आला की ते पुस्तक मिटतात आणि व्हरांड्यातल्या चपला आत मागवतात. तेवीस जोड मोजून घेतात आणि फरशीवर ओळीने मांडतात.

"माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या अशा तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. आता तुमाला तुमच्या लेकराला काही द्यायचंय. सगळ्या जोड्या देऊन टाकल्या तर काय व्हईल?"

उत्तरही सरच देतात.

"दोन्हीकडून मिळून त्याच्याकडं दुप्पट होतील. त्याच्या लेकराकडं चौपट. घरात पाय ठेवायला जागा राहील का? म्हणून जोडीतलं एकच द्यायचं."

मग एका मुलीच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा. तिने चाचपडत प्रत्येक जोडीतली एकेक चप्पल उचलून पोत्यात टाकायची. शेजारच्या तुकडीतही तेच. एक पोतं आईचं, एक बापाचं. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची एक नक्कल निघते, ते चपलांना जमत नाही. "तेवढं वहीत लिहून घ्या," सर म्हणतात. शेवटी दोन्ही पोती एका ठिकाणी ओतली की पुन्हा तेवीस जोड्या जुळतात. फक्त एका बाजूला काळा बूट आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी स्लिपर.

"याला फलन म्हणतात. आन हे जे समोर पडलंय ना," सर त्या ढिगाकडे बोट करतात, "हे तुमी."

धडा कोणी विसरत नाही. चपला मात्र विसरतात. एकदा एक आई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, लेकरू दोन्ही डाव्याच घालून आलं घरी. आन त्यातली एक बी आमची न्हाई."

मी शाळेची पर्यवेक्षिका आहे. तक्रार आली की त्याच दिवशी तिचा निकाल लावायचा, ही माझी पद्धत. मी शिक्षकांच्या खोलीत सूचना लावली: प्रत्येकाने घरची जुनी स्लिपरची जोडी आणून द्यावी, रंग शक्यतो वेगळा. आठवड्यात पुरेशा जोड्या जमल्या. पोतं शिवून घेतलं, त्यावर 'विज्ञान' असं रंगाने लिहिलं आणि प्रयोगशाळेच्या कपाटात खालच्या खणात ठेवलं. सरांनीही एक जोडी आणली. बायकांच्या मापाची, लहान, पांढऱ्या तळाची, निळ्या पट्ट्याची.

स्लिपरा मिळाल्यावर सरांना नवा उत्साह आला. कारण धड्यात एक भाग असा आहे की जोडीतली दोन गुणसूत्रं वेगळी होण्याआधी एकमेकांना बिलगतात आणि आपले तुकडे अदलाबदल करतात. म्हणून सख्खी भावंडंही सारखी निघत नाहीत. बुटांना हे दाखवता येत नाही, स्लिपरला येतं. सर बादलीत साबणाचं पाणी करतात, मुलं पट्ट्याची बोंडं त्यात भिजवून भोकातून ओढून काढतात आणि लालचा पट्टा हिरव्याला, हिरव्याचा लालला बसवतात. तास संपतो तेव्हा प्रयोगशाळेच्या फरशीवर फेस असतो. शिपाई मावशी त्या दिवशी सरांशी बोलत नाहीत.

फक्त त्या निळ्या पट्ट्याला कोणी हात लावायचा नाही. एका मुलाने बोंड ओढायला घेतलं तर सरांनी ती जोडी त्याच्या हातातून काढून घेतली. "हिचा न्हाई काढायचा. रबर वाळलंय. तुटंल."

"मग ही जोडी ठेवलीच कशाला पोत्यात?" मी विचारलं.

"तेवीस भरायला पाह्यजेत ना, मॅडम," सर म्हणाले.

शाळेबाहेर सरांची ख्याती वेगळी आहे. ती एका शब्दाची आहे: निम्मं. जवळ्यात कुणाच्याही घरी बाळ झालं आणि कुणी म्हणालं की अगदी आजोबांवर गेलंय, की सर तिथे असतील तर म्हणणारच, "तुमच्याकडचं निम्मं. बराबर निम्मं. सून काय नुसती डबा घेऊन आलती काय?" त्यावर कुणी म्हणालं की अहो, पण सुनेसारखं काहीच दिसत नाही, तर सरांचं दुसरं वाक्य तयार असतं. "दिसून न्हाई राहिलं म्हणजे न्हाई, असं काहून म्हणता?" बारशाची आमंत्रणं त्यामुळे सरांना हळूहळू कमी झाली.

आमच्या लिपिकाच्या मुलाची हळद वसमतला होती. मंडपात सगळे पिवळे होत होते. नवरीचे मामा हळदीचे बागायतदार, त्यांनी सरांना कौतुकाने सांगितलं की ही हळद आमच्या शेतातली. सर म्हणाले, "चांगलीये. पण हळदीला बाप नसतो, मामा. तुमी बेणं लावता, त्याच गड्ड्याचं दुसरं झाड. फुलातलं बी कुणी पेरत न्हाई. सगळं आईचं, जसंच्या तसं. ना वाटणी, ना अदलाबदल." मामांना शेतीतलं सगळं कळत होतं, पण लग्नाच्या मांडवात बाप नसण्याचा विषय त्यांना आवडला नाही. मी सरांना ताट घेऊन लांबच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

सरांची आणखी एक खोड म्हणजे कान. नवीन मूल वर्गात आलं की सर आधी त्याचे कान बघतात. वाकून, दोन्ही. मुलांना वाटतं मळ बघतात, म्हणून सरांच्या वर्गातली मुलं कान घासून येतात. मला वाटायचं ही स्वच्छतेची शिस्त आहे. त्याचा खरा उलगडा सरांच्या मुलीने केला.

प्रज्ञा सरांची एकुलती एक. ती चार वर्षांची असताना तिची आई, सुमनताई, कावीळ होऊन गेली. सरांनी पुन्हा लग्न केलं नाही. प्रज्ञा म्हणजे सरांची नक्कल: तशाच जाड भुवया, तसंच रुंद कपाळ, चालताना पाय तसेच बाहेर पडतात. गावात तिला कुणी नाव विचारत नाही, चेहरा पाहून 'सरांची का' म्हणतात.

"लहानपणी अप्पा माझी वेणी घालायचे ना," ती मला म्हणाली, "तवा रोज कान बघायचे. आईला एक खूण होती. कान जिथं वर गालाला चिकटतो तिथं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. जन्मापासूनचं. तिच्या आईलाही होतं. अप्पांना वाटायचं माझं आज न्हाई तर उद्या उघडेल." ती हसली. "कान टोचले तेव्हा सोनाराला सांगत होते, जरा वर बघा, तिथं आधीचंच काही दिसतं का."

म्हणजे 'निम्मं' हा हट्ट गावासाठी नव्हताच. सर स्वतःलाच सांगत होते की पोरीत निम्मी सुमन आहे, आणि त्यांना ती कुठेही दिसत नव्हती.

प्रज्ञाला दिवस गेले तसे सर शाळेत घड्याळ बघायला लागले. कधी नाही ते रजेचे अर्ज वेळेवर देऊ लागले. मला एकदा म्हणाले, "मॅडम, काही काही गोष्टी एक पिढी टाकून निघतात. पोरीत दबलेलं नातवंडात वर येतं. पुस्तकात दिलंय."

"येईल की," मी म्हणाले.

"न्हाई, येईलच असं न्हाई. येऊ शकतं." ते शास्त्राचे शिक्षक आहेत, जास्त कबूल करत नाहीत.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माहेरात एकटे सर. मी त्यांना सामान लिहून दिलं: डिंक, खारीक, गोडंबी, ओवा, बाळंतशेपा, जुन्या लुगड्याची धडुती, बाळाला धुरी द्यायला मातीची शेगडी. सरांनी डिंकाचे लाडू स्वतः वळले. प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलून, एकाच वजनाचे. प्रज्ञा म्हणाली, लाडू चांगले आहेत, फक्त फोडायला खलबत्ता लागतो.

मुलगी झाली त्या दुपारी सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. "मॅडम, बाळ-बाळंतीण खुशाल. वजन बराबर आहे. कान कोरे आहेत."

मी अभिनंदन म्हणाले. त्यांनी "व्हय, व्हय" म्हणून फोन ठेवला.

नामकरणाला मी लवकर गेले, कारण अशा घरात कुणीतरी लवकर जाऊन चहाची भांडी मोजून घ्यावी लागतात. मेणबत्त्या लावल्या गेल्या, बुद्धवंदना झाली, मुलीचं नाव स्पृहा ठेवलं. मग बायका बाळाभोवती जमल्या. विहीणबाईंनी हनुवटी धरून सांगितलं, "नाक बघा. अस्सल आमच्याकडचं. भुवया तेवढ्या व्याह्यांच्या." कुणी म्हणालं, ओठही तुमचेच. कपाळ कुणाचं यावर दोन्हीकडून दावे झाले.

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. निम्मं येणार म्हणून दोघी-तिघींनी तोंडाला पदरही लावला होता.

सर किटलीतून चहा ओतत राहिले.

"अप्पा, बोला की," प्रज्ञा म्हणाली. "तुमी न्हाई बोललात तर कार्यक्रम झाल्यासारखा वाटत न्हाई."

"काय बोलायचं. चांगली आहे पोरगी," सर म्हणाले आणि रिकामी किटली घेऊन मागच्या अंगणात गेले. मी मागोमाग गेले. चहाला पाणी किती ठेवायचं हे त्यांना कधीच कळत नाही.

ते चुलीपाशी नव्हते. मोरीजवळ दगडावर बसले होते. बादलीत साबणाचं पाणी होतं आणि पँटचे पाय भिजले होते. कार्यक्रमाच्या दिवशी हे कशासाठी, ते मी विचारलं नाही. पाणी ठेवायला घेतलं.

"मॅडम, इतकी वर्षं एकच धडा शिकवून राहिलो," ते म्हणाले, "आन एक गोष्ट ध्यानातच आली न्हाई."

"कोणती?"

"बाईमाणसाचं बीज कवा तयार व्हायला लागतं?"

"मी मराठी शिकवते, सर."

"ती आपल्या आईच्या पोटात असते ना, तवाच. पट्ट्यांची अदलाबदल तवाच होऊन जाते. पुढं ते बीज तसंच थांबून राहतं, वर्षानुवर्षं." त्यांनी हात पँटला पुसले. "प्रज्ञाच्या अंगात प्रत्येक जोडीतलं एक माझं, एक सुमनचं. शेजारी-शेजारी. पण एकमेकांत मिसळले ते फक्त तिथं, बीज होताना. आन ते झालं तवा प्रज्ञा कुठं होती?"

मी चहा पावडर टाकायची थांबले.

"सुमनच्या पोटात," ते म्हणाले. "म्हणजे आतल्या खोलीत जे लेकरू आहे ना, त्याचं प्रज्ञाकडचं निम्मं सुमनच्या पोटात राहून आलंय. सुमनला म्हाइती नव्हतं एवढंच. मला बी नव्हतं. मी कान बघत बसलो."

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. सर लगेच उठले, तो थांबेपर्यंत तसेच उभे राहिले, मग पुन्हा बसले.

सगळ्यांना चहा दिला, भांडी विसळून पालथी घातली आणि मी निघाले. दाराशी चपलांचा ढीग होता. माझी शोधताना भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोन स्लिपरा दिसल्या. एक डावी, लहान, पांढऱ्या तळाची, सरांनी पोत्यातून घरी आणलेली, तिला तपकिरी पट्टा. एक उजवी, मोठी, टाच झिजलेली, सरांच्या रोजच्या जोडीतली, तिला निळा. निळा पट्टा आखूड पडला होता, त्यामुळे मोठी स्लिपर पुढून जराशी वाकली होती. भोकांत साबणाचा फेस अजून पांढरा दिसत होता. रबर वाळलेलंच होतं. निळ्याचं पुढचं बोंड ओढताना तुटलं होतं आणि तिथे तळाखालून सेफ्टी पिन लावली होती.

सर माझ्या मागे येऊन उभे होते. पायात काही नव्हतं.

"सोमवारी नेऊन पोत्यात टाका, मॅडम," ते म्हणाले. "पोरांना सांगा, आता हिचा पट्टा काढला तरी चालतंय."

मी दोन्ही उचलून पिशवीत ठेवल्या.

"पिन तेवढी सांभाळून," ते म्हणाले. "टोचते."