माझं एक नंबरचं पोट

दाढ दुखत होती. दातांच्या डॉक्टरकडे जायचं नाही असं ठरवलं (भितो, लिहून टाकलं) आणि बायकोच्या ड्रॉवरमधली उरलेली पाच गोळ्यांची पट्टी खाऊन संपवली. एवढंच केलं मी.

बायकोचं आतडं तेव्हा बिघडलेलंच होतं. पुढे तर ती काडीसारखी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतड्यातले चांगले जंतू गेलेत, दुसऱ्याचे आणून सोडू. तेही लागू पडलं नाही तर स्टेम सेलचा विचार करू, पण तोवर अंगात ताकद टिकली पाहिजे.

"दुसऱ्याचे म्हणजे कुठले?"

"निरोगी माणसाच्या शौचातले."

"मग माझे घ्या. पासष्ट वर्षांत पोट बिघडलेलं नाही." शेजारी मेहुणा बसला होता. त्याला मी ढेकऱ्या म्हणतो. का, ते त्याच्या पंगतीला बसून बघा. "ह्याचे तेवढे नको," मी सांगितलं.

तपासण्या झाल्या. गोळ्याबिळ्या घेता का, विचारलं. नाही म्हणालो. दाढेच्या गोळीचा पोटाशी काय संबंध?

ठरल्या दिवशी डबा भरून नेला (लग्नात हारसुद्धा एवढा जपून धरला नव्हता). नर्सने पुन्हा विचारलं आणि ह्या वेळी टेबलावरची पट्टी दाखवली. "असल्या अँटिबायोटिक नाही ना घेतल्या?"

मी खाल्लेली तसलीच पट्टी. लाल-पिवळी.

"घेतल्या तर?"

"चांगले जंतू मरतात. मग डब्याचा उपयोग काय?"

आत बायको पलंगावर, हाताला सुई लावलेली. हो म्हणावं तर आजचा उपचार बुडतो. नाही म्हणावं तर मेलेला माल तिच्या पोटात जातो. डबा घेऊन आत गेलो.

"अगं, तुझ्या गोळ्या मी खाल्ल्या. दाढेसाठी."

तिने डोळेही उघडले नाहीत. "माहीत आहे. पट्टीत पाच होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का, बघत होते. डॉक्टरीणबाईंना मी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलंय."

पडद्यामागून ढेकर ऐकू आली. मेहुणा सगळ्या तपासण्या पास होऊन, आपला डबा देऊन बसला होता.

"बसा भावोजी," तो म्हणाला. "तुमचा डबा मात्र तुम्हीच घरी न्या."

महिन्याभरात बायको दोन्ही वेळा पोटभर जेवायला लागली. जेवण झालं की ढेकर देते, हुबेहूब भावासारखी. मी काही बोलत नाही. तोंड उघडलं की दाढ ठणकते.