माश्यांना सांगून झालं

ओबडाया ट्रिंडर भरदुपारी आडवा झाला आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

व्हिटलकोममध्ये गवती छपरं शाकारणारा तो एकटाच. लग्न झाल्यापासून केझायाने आपल्या नवऱ्याला दिवसाउजेडी अंथरुणावर पाहिलेलं नव्हतं. अंगात ताप असला तरी तो शिडी चढायचा. एकदा पाय मुरगळला, तेव्हा अंगणात बसून गवताच्या पेंढ्या बांधत राहिला होता. त्या दिवशी मात्र पाद्रीबुवांच्या कोठाराचं छप्पर अर्ध्यावर टाकून तो घरी आला, आणि बूटसुद्धा न काढता पलंगावर कोसळला. जूनचं ऊन होतं, आणि अंगातला थकवा काही त्या एका दिवसाचा नव्हता.

केझाया धुणं आटोपून आत आली. “ओबडाया, अरे दोन बादल्या पाणी तरी आणून दे.”

तिने त्याला हलवलं, तरी तो हलला नाही. ती तशीच ओल्या हातांनी शेजारच्या टॅबिथा पोकॉककडे धावली. गावातली बाळं जगात आणायची आणि गावातल्या मयतांना आंघोळ घालायची, ही दोन्ही कामं पोकॉक म्हातारी करायची. दोन्हीचं ज्ञान तिला सारखंच होतं, म्हणजे बेताचंच.

म्हातारीने दारातूनच पलंगाकडे पाहिलं.

“कधी पडला?”

“आत्ताच. जेवणवेळेनंतर.”

“भरदिवसा?”

“भरदिवसा.”

“बूट घालून?”

“बूट घालून.”

“मग आता उरलंच काय!” म्हातारी म्हणाली आणि बाह्या सारू लागली.

तरीही रीत म्हणून तिने परीक्षा घेतली. नाकाशी पीस धरायचं आणि हलतं का पाहायचं, अशी ती परीक्षा. पीस काही सापडेना, तेव्हा चुलीपुढची राख झाडायला ठेवलेला हंसाचा अख्खा पंख तिने उचलला आणि ओबडायाच्या नाकाशी धरला. तो पंख वादळातसुद्धा हलला नसता.

“गेला गं बाई,” म्हातारी म्हणाली.

केझायाने हंबरडा फोडला. म्हातारीने तिचा दंड धरला. “रडायला सगळा जन्म पडलाय. आधी माश्यांना सांग जा. बाहेरून कानावर गेलं तर रुसतील.”

हे मात्र केझायालाही पटलं. घरातलं माणूस गेलं की ते दारच्या टोपल्यांत पाळलेल्या मधमाश्यांना कळवावं लागतं, हे व्हिटलकोममध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. दाराची किल्ली घ्यायची, प्रत्येक टोपलीवर टकटक करायची, कोण गेलं ते सांगायचं, आता नवा धनी कोण तेही सांगायचं, आणि टोपलीला काळी फीत बांधायची. यात चूक झाली तर माश्या झुरून मरतात, नाहीतर सरळ उडून जातात.

“पण नवा धनी कोण म्हणून सांगू?” केझायाने डोळे पुसत विचारलं.

“पुरुषाचं नाव घे. बाईच्या नावावर माश्या थांबत नाहीत.”

घरात दुसरा पुरुष म्हणजे सायलस, केझायाचा धाकटा भाऊ. पाठ दुखते म्हणून तो बहिणीकडे दोन दिवस विसाव्याला आला होता. त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण पाठदुखी काही थांबली नव्हती.

केझायाने किल्ली घेतली आणि फाटकापाशी रांगेत मांडलेल्या गवती टोपल्यांसमोर जाऊन, एकेकीवर टकटक करत सांगितलं, “माश्यांनो, तुमचा धनी ओबडाया गेला. आता तुमचा धनी सायलस.” टोपल्यांतून बारीक गुणगुण ऐकू आली. केझायाला ते रडणं वाटलं.

इकडे पोकॉक म्हातारी ओबडायाच्या हनुवटीला फडकं बांधत होती. गाठ आवळली तशी त्याला जाग आली.

“टॅबिथा,” तो बंद दातांतून म्हणाला, “घट्ट होतंय.”

म्हातारी मटकन खाली बसली. “ओबडाया, अरे तू गेलायस!”

“कुठे?”

तेवढ्यात केझाया किल्ली घेऊन आत आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, किंकाळी मारली, त्याच्या गळ्यात पडली, आणि मग त्याच्या छातीवर दोन गुद्दे घातले. “मेल्या, निदान घोरायचं तरी!”

“झोपलो होतो गं. माणसाने झोपूही नये का?”

“तू कधी झोपतोस?” असं म्हणताना केझायाचा चेहरा एकदम उतरला. तिने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. “ओबडाया... माश्यांना सांगून झालं रे.”

ओबडाया उठून बसला. हनुवटीचं फडकं त्याच्या गळ्यात तसंच लोंबत होतं. “काय सांगून झालं?”

“तू गेलास म्हणून. आणि सायलस धनी म्हणून.”

“सायलस?” हे मात्र त्याला स्वतःच्या मरणापेक्षा जास्त लागलं. “जा, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग, चूक झाली म्हणून.”

“म्हणजे मघाशी मी त्यांच्याशी खोटं बोलले, असं सांगू?”

ओबडाया पुन्हा पलंगावर टेकला. माश्यांना खोटं खपत नाही, हे गावात सगळ्यांत जास्त तोच मानायचा. त्यांच्यापुढे भांडण नको, शिवी नको आणि खोटं तर मुळीच नको. आजवर त्या टोपल्यांजवळ त्याने कधी आवाज चढवला नव्हता. दिवसभर लोकांच्या डोक्यावरची छपरं धरून संध्याकाळी तो त्या टोपल्यांच्या मधल्या दगडी बाकावर येऊन बसायचा. तिथे त्याला कुणी पाणी मागत नसे, कुणी गळती दाखवत नसे. सगळ्या व्हिटलकोममध्ये त्याच्या मालकीची अशी तेवढीच जागा होती. माश्या गेल्या तर तो बाक म्हणजे नुसता दगड.

“थोडे दिवस त्यांच्या नजरेला पडू नकोस,” पोकॉक म्हातारीने तोडगा काढला. “पुढचं पुढे बघू.”

टोपल्या फाटकापाशी, म्हणून पुढचं दार त्याला बंद झालं. दुसऱ्या दिवसापासून ओबडाया मागच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कामाला जाऊ लागला. खिडकी लहान होती आणि ओबडाया काही लहान नव्हता. केझाया आतून ढकलायची, आणि बाहेर अंगाला खाज सुटवणाऱ्या झुडपात पडल्यावर तो शिवी गिळून टाकायचा, कारण माश्यांना ऐकू गेलं असतं.

म्हातारीने मात्र आदल्या दिवशी तो जागा होण्याआधीच देवळात निरोप धाडून घंटा वाजवून घेतली होती. थडगी खणणाऱ्या जेबेझला दुसऱ्या दिवशी जत्रेला जायचं होतं, म्हणून त्याने त्याच संध्याकाळी खड्डाही खणून टाकला आणि फावडं तसंच त्यात उभं ठेवून तो जत्रेला निघून गेला. गावातून उकडलेला हॅम आला, शहाजिऱ्याचा केक आला, माणसं आली. दारात येऊन पाहतात तो मयत स्वयंपाकघरात बटाटे सोलतंय. पण दुखवट्याला आलेलं माणूस काही बोलल्याशिवाय परत जात नाही.

“फार वाईट झालं, ओबडाया,” जो तो हळूच म्हणायचा.

“आभारी आहे,” ओबडाया म्हणायचा आणि पुढचा बटाटा घ्यायचा.

सायलसने नवं पद पहिल्या दिवशी नाइलाजाने घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अंगवळणी पाडून घेतलं. केकचा पहिला तुकडा त्याने घेतला. ओबडायाची टोपी घातली. मग चुलीजवळच्या ओबडायाच्या खुर्चीत जाऊन बसला.

“ऊठ,” ओबडाया म्हणाला.

“दाजी, मला का हौस आहे? पण माश्यांनी बघितलं तर?”

“खुर्ची आत आहे. माश्या बाहेर आहेत.”

“खिडकी उघडी आहे, दाजी.”

ओबडायाने खिडकीकडे पाहिलं. खरोखरच एक माशी चौकटीवर बसून पाय पुसत होती. तो दात आवळून, शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाला, “सायलस, माझ्या लाडक्या मेहुण्या, तू त्या खुर्चीत किती शोभतोस रे!”

“तुमचीच कृपा, दाजी,” सायलस म्हणाला आणि पाय लांब केले.

त्या घरात असं गोड भांडण त्याआधी कधी झालं नव्हतं. केझाया दोघांच्या मध्ये हॅम कापत बसली होती. “बसू दे ना,” ती कुजबुजली, “नवा धनी आहे तो.” ओबडाया उठला आणि जाऊन मागच्या खिडकीपाशी उभा राहिला. कामाने आलेला थकवा त्याला माहीत होता. पण नुसतं उभं राहून एवढं थकायला होतं, हे त्याला नव्याने कळलं.

शेवटी पाद्रीबुवांनी हे प्रकरण हातात घेतलं. त्यांचं कोठार अर्धं उघडं होतं, आणि मेलेला माणूस खिडकीतून येणार म्हणून रोज कामाला उशीर व्हायचा.

“ट्रिंडर, हा शुद्ध अडाणीपणा आहे,” ते शिडीखालून ओरडले. “माश्यांना भाषा कळत नाही.”

“मग राहू द्या ना, साहेब.”

“नाही. मी स्वतः जाऊन सांगतो.”

“भाषा कळत नाही तर सांगणार काय?” ओबडायाने वरून विचारलं, पण तोवर पाद्रीबुवा निघालेही होते. ओबडाया शिडी उतरून त्यांच्यामागे धावला आणि सवयीने खिडकीकडे वळला. म्हणून त्याला उशीर झाला.

पाद्रीबुवा फाटकापाशी उभे राहिले, काठीने सगळ्यांत मोठ्या टोपलीवर ठोठावलं आणि प्रवचनाच्या आवाजात म्हणाले, “ओबडाया ट्रिंडर जिवंत आहे!”

त्या टोपलीत कालपासूनच माश्या तुडुंब भरून बाहेर लोंबत होत्या. ओबडाया रोजच्यासारखा बाकावर बसला असता तर मोहोळ उठणार हे आवाजावरूनच ओळखून त्याने रिकामी टोपली तयार ठेवली असती. नवा धनी तिच्या दहा पावलांत गेला नव्हता. काठीचा दणका बसला आणि मोहोळ उठलं. पाद्रीबुवांच्या नाकाला दोन माश्या डसल्या. बाकीचा काळा ढग फाटकावरून वर चढला.

“तवा!” केझाया ओरडली. “सायलस, तवा वाजव!”

उठलेल्या मोहोळामागे धनी तवा वाजवत धावला तरच मोहोळ त्याचं. तवा थांबला की ज्याच्या जागेत ते उतरेल, त्याचं. हेही व्हिटलकोममध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. पण नवा धनी टेबलाखाली होता.

“माझी पाठ, ताई!” टेबलाखालून आवाज आला.

ओबडायाने खुंटीवरचा तवा ओढला, पळी घेतली आणि पुढच्या दाराकडे वळला.

“तू नको! तुला बघतील त्या!” केझायाने त्याचा सदरा धरला.

“बघू देत. जायच्याच आहेत, तर मला बघून जाऊ देत.”

तो पुढच्या दाराने बाहेर पडला आणि तवा बडवत गावातून धावत सुटला. पुढे माश्यांचा ढग, मागे दुखवटा घेतलेला मयत, त्याच्या मागे बायको, आणि त्यांच्या मागे नाक धरून पाद्रीबुवा. मोहोळ देवळाच्या भिंतीवरून आत गेलं, थडग्यांवरून फिरलं आणि एका ताज्या खड्ड्यात उतरलं. जेबेझ अजून जत्रेतच होता. त्याने उभ्या ठेवलेल्या फावड्याच्या दांड्याला माश्यांचा घड लोंबू लागला.

खड्डा कुणाचा, हे सगळ्यांना माहीत होतं. काठावर माणसं जमली. ओबडायाने तवा खाली ठेवला, केझायाने आणलेली रिकामी टोपली काखेत घेतली आणि स्वतःच्या थडग्यात उतरला. माश्या त्याच्या हातावर आल्या, मानेवर आल्या, भुवयांवर बसल्या. एकही डसली नाही. त्याने टोपली घडाखाली धरली, दांड्याला हलकेच झटका दिला, आणि राणीमागोमाग सगळी मंडळी निमूट आत गेली.

पोकॉक म्हातारीने वरून वाकून पाहिलं. “बरोबरच आहे,” ती म्हणाली. “हा मेला असं त्यांना सांगितलं होतं. शोधायला आल्या, तर थडग्यातच सापडला. आता यात खोटं काय राहिलं?”

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. केझायाने डोळे पुसले. “म्हणजे आता पुन्हा हाच धनी?”

“छे गं! थडग्यात सापडला म्हणजे मेलेलाच. धनी सायलस.”

“ते काही असो,” पाद्रीबुवा सुजलेल्या नाकातून म्हणाले, “पण माझ्या कोठाराचं काय? पश्चिमेला ढग दिसतायत.”

“धन्याचं काम धन्याने करायचं,” म्हातारी म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. खुर्चीत एकट्याला करमेना म्हणून सायलस नुकताच भिंतीपाशी येऊन पोचला होता. डोक्यावर ओबडायाची टोपी होती.

“मी?” तो म्हणाला. “शिडीवर?”

“आणि माझ्याकडचं मागचं छप्पर गळतंय तेही,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“आणि येताना पाण्याच्या दोन बादल्या आण,” केझाया म्हणाली. ते तिच्या तोंडून सवयीने गेलं.

सायलस धावत काठाशी आला आणि पालथा पडून आत डोकावला. त्याच्या पाठीला काही झालं नाही. “दाजी! सांगा ना यांना! तुम्ही जिवंत आहात ना?”

नव्या टोपलीतल्या माश्या अंधार पडेपर्यंत हलवायच्या नसतात, त्यामुळे ओबडाया तिथेच टोपलीशेजारी टेकून बसला होता. जमीन गार होती. वरचे आवाज लांबून आल्यासारखे येत होते. पाय पसरायला जागा होती, जेबेझने माप नीट घेतलं होतं.

“दाजी, बोला ना! माश्यांपुढे खोटं चालत नाही, तुम्हीच म्हणता! जिवंत आहात की नाही?”

ओबडायाने विचार केला. माश्या अगदी कानाशीच होत्या. खोटं बोलायची सोय नव्हती. आणि खरं बोलायचं तर शिडीवर चढावं लागणार होतं.

त्याने बूट काढून बाजूला ठेवले आणि डोळे मिटून घेतले.