साळवे सरांचा राखीव बाक

रविवारी सकाळी सव्वाअकराला शमुवेल साळवे सरांनी स्वतःच्याच कर्णधाराला मैदानाबाहेर काढलं. कर्णधाराने पंचाच्या दंडाला हात लावला होता. पंचाने ते मनावर घेतलं नव्हतं, सरांनी घेतलं. सामना त्यांच्या हॉलमधल्या टीव्हीवर चालू होता आणि कर्णधार नव्या गेम कन्सोलमधला होता.

"पंचाला हात लावतोस? शिट्टी झाली होती का?" सरांनी टीव्हीला विचारलं.

सर सावेडीत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. वय सत्तर. शहरातल्या एका शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं पी.टी. शिकवली आणि फुटबॉलचा संघ सांभाळला. निवृत्तीला बारा वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी उतरलेली नाही. "शिट्टी झाली का?" हे ते कोणालाही विचारतात. लिफ्टमधले बाहेर यायच्या आत घुसणाऱ्याला विचारतात, चर्चमध्ये शेवटचं आमेन व्हायच्या आत चपला शोधणाऱ्याला विचारतात. सोसायटीच्या सभेत मध्येच बोलणाऱ्या अध्यक्षांनाही एकदा विचारलं होतं. अध्यक्ष खाली बसले.

कन्सोल सत्तराव्या वाढदिवसाला आला. मुलगा सुनील नाशिकला असतो. त्याने इथल्याच एका दुकानात फोन करून तो घरी पोचवायला सांगितलं. सोबत चिठ्ठी नव्हती. बापलेकांचं बोलणं तसंही थोडं असतं. "बरं आहे?" "बरं आहे." "आईला देतो." संपलं.

नको असेल तर आठ दिवसांत परत आणा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. आठवा दिवस म्हणजे हाच रविवार. दुकान रविवारी दोनला बंद होतं.

ठेवायचा की परत द्यायचा, यावर सरांचा निकाल आठवडाभर बदलत होता. सोमवारी त्यांनी खोका सुतळीने आवळून दाराशी ठेवला. "सत्तरीच्या माणसाला खेळणं पाठवतो!" मंगळवारी सुतळी सुटलेली होती. हॉलमध्ये सर कॅनव्हासचे बूट घालून जागच्या जागी पळत होते. पाच मिनिटं पळाले, मांड्या ताणल्या, मग सोफ्यावर बसून कंट्रोलर हातात घेतला.

बुधवारी त्यांना पहिला धक्का बसला. गोल करून एक खेळाडू गुडघ्यांवर घसरत गेला. "अरे, ती चड्डी धुणार कोण? तुझी आई?" त्याला बाहेर काढलं. गुरुवारी एक जण कोणाचाही पाय न लागता गवतावर लोळला. त्यालाही काढलं. शुक्रवारी दुपारी सर माझ्या दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला. मी वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून त्यांच्यासाठी मी 'पेपरवाले'.

"पेपरवाले, बदली खेळाडू संपले. चौघं नीट वागत नाहीत आणि मला त्यांना काढता येत नाही. यंत्र माझं ऐकत नाही."

"मग परत द्या."

"देणारच. हा सामना संपला की."

शनिवारी त्यांना खेळाडूंची नावं बदलता येतात हा शोध लागला. एकेक अक्षर शोधत त्यांनी दिवसभरात एका जुन्या वर्षीचा शाळेचा अख्खा संघ टीव्हीत भरला. कोणत्याही कागदाकडे न बघता.

तर रविवारी मी सरांकडे बसलो असताना कर्णधार बाहेर निघाला आणि त्याच्या जागी कोण, हे विचारायला राखीव खेळाडूंची यादी पडद्यावर आली. त्याच वेळी सरांच्या पत्नी मार्थावहिनी चहा घेऊन आल्या. वहिनी मूळच्या राहुरीकडच्या, निवृत्त परिचारिका. त्यांनी यादी वाचली. सरांनी सोळा नंबर ओलांडला आणि सतरा नंबरला आत पाठवलं.

"अहो, त्यो सोळा आपला सुनील हाय ना?"

"हो. राखीव."

कप बशीवर वाजला. "हितं पन?"

"त्या वर्षी संघ जसा होता तसा लिहिलाय, मार्था. मास्तरचा मुलगा मैदानात उतरला की लोक बोलतात."

"कोन लोक? हितं मी हाय आन् हे पेपरवाले हायेत. तुमी पेपरात छापनार हाय का वो?"

मी नाही म्हटलं.

"तीन वर्सं पोरगं बाकावर बसलं," वहिनी मला सांगू लागल्या. "त्याचे बूट लहान झाले, झिजले न्हाईत. मी कोनाला तरी देऊन टाकायला गेल्ते, तर ती बाई म्हनली, नवेकोरे का देताय?"

सर टीव्हीकडेच बघत होते. सामना चालू होता, पण त्यांची बोटं थांबली होती. सतरा नंबर चेंडू घेऊन एकाच जागी उभा राहिला आणि समोरच्या संघाने तो काढून नेला.

"फायनलला उतरवणार होतो त्याला," सर म्हणाले. "दोन गोलांनी पुढे होतो. शेवटची पाच मिनिटं देणार होतो. त्याने बूट बांधले होते."

"मग?" मी विचारलं.

"मग मला वाटलं, अजून थोडं थांबू. मग शिट्टी झाली."

वहिनींनी चहा टीपॉयवर ठेवला आणि सरांच्या शेजारी बसल्या. खेळ चालू असताना त्या सोफ्यावर बसल्याचं मी आठ दिवसांत पहिल्यांदाच पाहिलं.

पडद्यावरचं घड्याळ पुढे सरकत होतं. एकोणनव्वदाव्या मिनिटाला सरांनी यादी पुन्हा उघडली. सोळा नंबरवर ते बराच वेळ थांबले. मग बटण दाबलं. पाठीवर साळवे लिहिलेला खेळाडू बाजूच्या रेषेवरून आत आला आणि दोन पावलं पळाला. सरांनी सामना थांबवला.

"पाणी पिऊन येतो," ते म्हणाले. पाणी पिऊन आले आणि कंट्रोलरला हात न लावता बसून राहिले.

"चालू करा की," वहिनी म्हणाल्या.

"एकच मिनिट उरलंय."

दोन वाजता मी दुकानदाराला फोन केला. शटर ओढतोय, म्हणाला. सरांकडून कोणी आलं नव्हतं. समोरचं दार उघडं होतं. टीव्ही चालू होता आणि पडद्यावर एकोणनव्वदावं मिनिट होतं.