विश्व जन्मलं तेव्हाची थरथर

"माझ्यापुढे खोटं टिकत नाही!" जावईबापूंनी भरल्या तोंडाने जाहीर केलं.

बढाई अगदीच पोकळ नव्हती. अंतराळात लाखो किलोमीटर अंतर राखून तीन यानं एकमेकांवर लेसर सोडत, आणि अवकाश जरा जरी थरथरलं तरी टिपत. ती मोजमापं जावईबापूंचा गट तपासे. गट झोपलाय की जागा, हे पाहायला कार्यालयातलंच कुणीतरी दरवर्षी त्यात गुपचूप बनावट लहर मिसळे. कोण, ते बैठकीपर्यंत घरीही बोलायचं नाही, असा दंडक. यंदाची बनावट लहर जावईबापूंनी गेल्याच आठवड्यात पकडली होती.

"म्हणजे आज सापडलेली गुणगुण खरी! आई, विश्व जन्मलं तेव्हाची थरथर आहे ही!"

"अगंबाई! अजून थांबली नाही?" सासूबाई म्हणाल्या.

बायको त्याच कार्यालयात होती. ती म्हणाली, "सोमवारच्या बैठकीपर्यंत गप्प बस."

"सोमवारीच गटप्रमुख ठरणार, आणि मी गप्प बसू?"

"बस म्हणते ना!"

"जळतेस!"

तिला जोराचा ठसका लागला. आनंदाने गहिवरली बिचारी, असं समजून जावईबापूंनी पाणी दिलं.

सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत दणाणून सोडली. तळमजल्यावरचे दंतवैद्य जिन्यातच अभिनंदन करून गेले. जावयाच्या नावाचा भलाथोरला केकसुद्धा सांगून झाला!

सोमवारी जावईबापूंनी आलेख दाखवला. टाळ्या पडल्या. मग संचालकांनी विचारलं, "यंदा बनावट लहर कुणी मिसळली होती?"

बायकोने हात वर केला. "मी. एक नाही, दोन."

जावईबापूंचा चेहरा हवा गेलेल्या फुग्यासारखा झाला. "दोन कशाला?"

"एक सापडली की माणूस बेसावध होतो. झालास ना?"

सभागृह खदखदून हसलं. संचालकांनी डोळे पुसले. "पण ही दुसरी बाकी कुणालाच दिसली नाही हो! इतकी पुसट गुणगुण ज्याला सापडते, त्याला एक दिवस खरीही सापडेल. गटप्रमुख तुम्हीच!"

जावईबापू तरंगतच घरी आले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सुरीने केकवरचं नाव खरवडून काढलं.

"अहो आई, प्रमुख मी झालोय!"

"झालात हो. पण थरथर केली कुणी? माझ्या लेकीनेच ना?" लेकीचं नाव ठसठशीत लिहून त्यांनी केक पुढे सरकवला. "तुमचंही घातलंय खाली कोपऱ्यात. पुसट आहे जरा, पण तुम्हाला सापडेल!"